इंग्रजी क्रियापदांचा परवचा

८ नोव्हेंबर, शनिवार

सहा! तीसपैकी सहा!

आणि ते सहासुद्धा डोळे मिटून लावलेले. मोबाइलवरचा सराव पेपर — शेवटी लाल अक्षरात आकडा आला, वर एक रडका चेहरा. मेल्या, तू कशाला रडतोस? रडायचं मी.

एकवीस वर्षं झाली मला या शाळेत. तेलंगणातल्या तलमडुगू मंडळातलं आमचं गाव, मराठी माध्यमाची सरकारी शाळा. पहिली ते चौथी मिळून अकरा पोरं, पाचवीत यंदा कोणीच नाही. अमृतराव सर हेडमास्तर अन् मी. आता वरच्या कोर्टानं सांगितलं — जुन्या मास्तरांनीही टेट, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास करायची, दोन वर्षांत. नाही झाली तर घरी बसा. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून कमी उरली त्यांना सूट. अमृतराव सरांची तीन उरलीत! माझी चौदा.

मराठी, गणित, परिसर, बालमानसशास्त्र — चारही सोडवून पाहिले, शहात्तर होतात. पास व्हायला दीडशेत नव्वद पाहिजेत. म्हणजे इंग्रजीत चौदा. अन् पडले सहा.

सत्तेचाळीसाव्या वर्षी मी ढ ठरले. ज्या पोरांना मी ढ म्हटलं त्यांची आज रांगेनं तोंडं आठवली.

९ नोव्हेंबर, रविवार

कालचा पेपर पुन्हा काढला. त्यातले सात प्रश्न एकाच जातीचे निघाले. ‘एन्जॉय’च्या पुढं ‘टू स्विम’ की ‘स्विमिंग’? ‘वॉन्ट’च्या पुढं? ‘अव्हॉइड’च्या पुढं? मी सगळीकडं ‘टू’ लावत गेले. का? तर कानाला बरा वाटला म्हणून! सातपैकी पाच चूक.

हे वांग्याला पाणी देऊन आले तेव्हा मी पुस्तक आपटत होते.

“काय झालं व? कोनाशी भांडून राह्यली?”

“इंग्रजीशी.”

“मंग जिंकशीन. माह्याशी तं रोज जिंकते.”

चंपतरावांना सगळं सोपं वाटतं! वाफा वाळला की पाणी सोडायचं, झालं. मी विचारलं, नोकरी गेली तर काय? तर म्हणे, भाजीच्या पेंढ्या बांधायला एक माणूस कमीच पडून राह्यला. हसवायला म्हणाले. मला हसू आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गेले शेवटी मी. तोंड वर करून गेले, पण गेले.

आमच्याच आवारात उजव्या हाताला तेलुगू-इंग्रजीची शाळा आहे, साठ पोरांची. तिथली भाग्यलक्ष्मी टीचर — सव्वीस वर्षांची, इंग्रजी एकदम फाडफाड. जुलैत मी हिला नळावर सगळ्यांसमोर बोलले होते. हिच्या पोरांनी टाकी रिकामी केली अन् आमच्या पोरांना प्यायला थेंब नाही. “काल आलेली पोरगी, मालकीण झाली का?” असं म्हटलं होतं मी! त्यानंतर चार महिने आम्ही एकमेकींना नुसत्या माना हलवायचो.

आज दाराशी जाऊन उभी राहिले. विषय काढायच्या आधीच तिनं खुर्ची ओढली. “अक्का, आओ ना. बैठो.”

टेटचं सांगितलं. हसली नाही. कीवसुद्धा केली नाही. “रोज खाने की छुट्टी में आना, अक्का. आधा घंटा.” एवढंच.

घरी येईपर्यंत कान गरम होते माझे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला तास. त्या ‘आयएनजी’वाल्या प्रकाराला जेरंड म्हणतात अन् ‘टू’वाल्याला इन्फिनिटिव्ह. नावं ऐकूनच घाम फुटला. मी वही काढली — “नियम सांग.”

“अक्का, रूल थोडा है. आदत ज्यादा है.”

हे कसलं उत्तर! नियम नाही तर शिकवता कसं? तिनं शांतपणे दोन रकाने आखले. डावीकडं एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट, डिनाय — यांच्यापुढं आयएनजी. उजवीकडं वॉन्ट, होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस — यांच्यापुढं टू. लिहिता लिहिता तिची नजर खिडकीतून आमच्या भिंतीवर गेली अन् पटकन खाली आली.

मी वळून पाहिलं. निळी, हातभर उंच अक्षरं. मीच रंगवलेली, शाळेच्या गॅदरिंगच्या वेळी. ‘वी एन्जॉय टू लर्न.’

सोळा वर्षं! सोळा वर्षं ती भिंत गावाला सांगून राह्यली की इथल्या बाईला इंग्रजी येत नाही. किती पाहुणे आले, तिच्यापुढं उभे राहून फोटो काढून गेले. अन् ही पोरगी रोज समोरून ये-जा करते, एक शब्द बोलली नाही. नळावर मी एवढं बोलले तेव्हासुद्धा नाही! मी असते तर तेव्हाच तोंडावर फेकलं असतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बालदिन. पोरांना बुंदी वाटली अन् मी चुन्याचं डबडं घेऊन भिंतीपाशी गेले.

अमृतराव सर धावत आले. “राहू द्या हो टीचर. सोळा वर्षं कोनाच्या बापाले दिसलं नाई.”

“मले दिसलं ना आता.”

पुसून टाकलं. पोरं गोळा झाली — काऊन पुसता, टीचर? म्हटलं, चुकलं होतं. तिसरीतली हर्षाली डोळे मोठे करून म्हणाली, “तुमचं पन चुकते?” आणि मग अख्ख्या शाळेत नाचत सांगत सुटली — टीचरचं चुकलं, टीचरचं चुकलं! एवढा आनंद तिला बुंदीचाही झाला नव्हता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बेचाळीस क्रियापदं. पहाटे पाठ, दुपारी सपाट.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कापूस वेचणीमुळं आज वर्गात चारच पोरं. तीसुद्धा धाकटी, वेचायला नेली तर रडतात अशी. दुपारून घरी आले, यांच्याबरोबर मेथी तोडायला बसले. यांची तोंडाची गिरणी चालू — बाजारात कोण काय म्हणालं, कोणाची मेथी लांब, कोणाची आखूड. मी वैतागले. “आता बोलणं बंद करा अन् तोडायला लागा!”

आणि माझाच हात थांबला.

बोलणं बंद करा. तोडायला लागा. असं का म्हटलं मी? ‘बोलायला बंद करा, तोडणं लागा’ असं का नाही? कोणी म्हणतं का असं? गयाबाईला सही येत नाही, अंगठा लावते, तीसुद्धा कधी म्हणणार नाही. हर्षाली आठ वर्षांची आहे, तीही नाही चुकणार. जाणं टाळतो, पण जायला निघतो. लिहिणं थांबवतो, पण लिहायला बसतो. आपल्याही भाषेत ‘बंद’ला एक लागतं अन् ‘लाग’ला दुसरं! एकवीस वर्षं मराठी शिकवते, एकदाही लक्षात नाही आलं. कोणी शिकवलं हे आपल्याला? कोणीच नाही. आई चुलीशी बोलत होती, आपण बाजूला होतो. कानातून आत गेलं अन् बसलं.

म्हणजे भाग्यलक्ष्मी खरं बोलते. हे डोळ्यांनी पाठ करायचं कामच नाही. मी पहाटे पाच वाजता वहीकडं डोळे फाडून बघते — तिथंच गाडी अडली. मला कान पाहिजेत.

हे विचारत होते, “काय झालं? मीच बोलणं बंद केलं तं तूच बसली गप?” मेथी तशीच टाकून मी वहीत लिहून घेतलं. पण इंग्रजी बोलणारी आई आता कुठून आणू?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडली! एक नाही, अकरा आया!

शाळा सुटायच्या आधी रोज परवचा असतो आमचा. एक पोरगं पुढं उभं राहतं, पाढा म्हणतं, बाकीची मागून ओरडतात. पोरांना सत्तावीसचा पाढा कसा येतो ते पोरांनाही माहीत नसतं. ओरडून ओरडून अंगात बसतो. आज पाढ्यांच्या जागी मी क्रियापदं लावली. हर्षालीला पुढं उभं केलं; तिनं विचारायचं, बाकीच्यांनी ओरडायचं.

“एन्जॉयले काय?”

“आयएनजी!”

“वॉन्टले काय?”

“टू!”

“अव्हॉइडले काय?”

“आयएनजी!”

पहिल्यांदा पोरं बावरली. मग मी सांगितलं, समजा पंगत बसली आहे, कोणाच्या पानात काय वाढायचं ते ठरलेलं आहे. एन्जॉयच्या पानात आयएनजी, वॉन्टच्या पानात टू. मग काय विचारता! छप्पर उडायची वेळ आली. कुलदीप चौथीतला, महा चौकस — “टीचर, वॉन्टले आयएनजी काऊन नाई वाढत?”

“त्याले पचत नाई.”

हसून हसून लोळली पोरं. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा करत दहा क्रियापदं सहा वेळा म्हटली. भाग्यलक्ष्मी तिच्या वर्गाच्या दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत होती.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भाकरी थापताना हात पिठात अन् तोंडात ‘डिनायले काय’. कानात हर्षालीचा आवाज, मागून कुलदीपचा फाटका सूर. सराव पेपर — दहा!

२ डिसेंबर, मंगळवार

दहा. मग अकरा. आज परत नऊ. मोबाइल विहिरीत टाकावासा वाटला.

३ डिसेंबर, बुधवार

नऊ का झाले ते कळलं. काही क्रियापदांच्या पानात दोन्ही वाढतात, अन् जे वाढाल तसा अर्थ बदलतो! आज भाग्यलक्ष्मीनं ‘रिमेंबर’ सांगितलं. ‘टू’ लावला तर करायचं काम लक्षात ठेवणं. आयएनजी लावलं तर झालेलं काम आठवणं. दाराला कुलूप लावायचं लक्षात ठेव — तो ‘टू’. कुलूप लावल्याचं आठवतंय — ते आयएनजी.

आपल्याकडं किती सोपं! लक्षात ठेवणं वेगळं, आठवणं वेगळं. बिचाऱ्या इंग्रजीला एकाच शब्दावर दोन्ही भागवावं लागतं. भाग्यलक्ष्मीला सांगितलं तर म्हणाली, तेलुगूतही दोन आहेत. मग दोघी मिळून इंग्रजीला नावं ठेवत बसलो. बरं वाटलं.

घरी येताना तेच डोक्यात. ‘टू’ पुढं बघतो, आयएनजी मागं. मला या शाळेत आल्याचा पहिला दिवस आठवतो — पायात चिखल, हातात ऑर्डर, दारात सव्वीस पोरं. तेव्हा सव्वीस होती. इथून जायचं आहे हे कधी लक्षात ठेवावं लागेल असं मात्र वाटलं नव्हतं. भीती वाटते. खरंच वाटते. हे कोणाला सांगत नाही, इथं लिहिते.

६ डिसेंबर, शनिवार

कुलदीपची आई गयाबाई ओटीत तुरीच्या शेंगा घेऊन शाळेत आली. मला वाटलं तक्रार.

“टीचर, पोट्टं झोपीत इंग्रजी बोलून राह्यलं!”

“काय बोलते?”

“आता मले काय समजते? पन गाडीवानी बोलते, थांबतच नाई. त्याचा बाप उठून बसला. म्हने, हे आपलंच पोट्टं होय का?”

सांगायचं होतं मला, की बाई, ती नुसती यादी आहे. त्यानं इंग्रजी येत नाही. तोंड उघडलंही. पण तिचा चेहरा असा फुलला होता की जीभ वळली नाही. अन् खोटं कशाला बोलू — मलाही गोड वाटलं. एकवीस वर्षांत माझ्या शिकवण्याचं कौतुक करायला कोण आलं होतं?

शेंगा उकडून खाल्ल्या. गोड होत्या.

११ डिसेंबर, गुरुवार

भांडण. अमृतराव सरांशी. पहिल्यांदा.

त्यांनी तिसरीच्या भारतला तेराचा पाढा विचारला. पोरगं तेरा सखंपर्यंत आलं अन् अडकलं. तेरासत्ते... तेरासत्ते... मागून कोणीतरी हळूच सांगितलं, “आयएनजी!” सगळी हसली. सर हसले नाहीत.

मधल्या सुट्टीत म्हणाले, “टीचर, पाढे कुठं गेले? तीन आठवडे झाले मी ऐकून राह्यलो. हा अभ्यास पोरायचा हाय का तुमचा?”

माझा तोल गेला. “तुमाले सूट भेटली, तुमी बोला!”

सर चष्मा पुसत बसले. इतक्या वर्षांत या माणसानं माझ्याकडं बघून आवाज चढवला नाही. आजही चढवला नव्हता. मीच चढवला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रात्रभर त्यांचंच वाक्य डोक्यात. सकाळी हर्षालीला जवळ घेतलं, धडा वाचायला दिला. ‘विश्वास’ला अडली. “विस... विसवास.” ‘प्रश्न’ला अडली. ‘उत्तर’ तर सोडूनच दिलं. दिवाळीनंतर जोडाक्षरं घ्यायची असं मीच आराखड्यात लिहिलं होतं. एकही दिवस घेतली नाहीत. त्या वेळात क्रियापदं घेतली. पंगतीत माझंच पान पुढं ओढलं मी.

पोरांच्या तोंडून मी माझी नोकरी वाचवून राह्यले. हे असं लिहिल्यावर कसं दिसतं!

सरांकडं गेले. “चुकलं माझं.” ते म्हणाले, “चुकलं नाई हो, गरज हाय तुमाले. पन पोरायले बी गरज हाय.”

बंद करते आजपासून.

नाही करत. चौदा गुण पाहिजेत मला.

आता असं ठरलं — आधी पाढे, मग जोडाक्षरं, शेवटची दहा मिनिटं इंग्रजी. शाळा सुटल्यावर अर्धा तास मी थांबणार, ज्याला वाचता येत नाही त्यानं थांबायचं. हे म्हणाले, “मंग पेंढ्या कोन बांधन?” म्हटलं, तुम्हीच बांधा, जानेवारीपर्यंत.

१५ डिसेंबर, सोमवार

हर्षालीनं ‘विश्वास’ वाचला. स्वतःच टाळ्या वाजवल्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

हर्षालीचा बाप नागोराव कापूस घेऊन आदिलाबादला गेला होता. पोरगी हट्टानं सोबत. यार्डात गाड्यांची रांग लांब. वेळ जाईना म्हणून यानं तिला कापसाच्या गाडीवर उभं केलं अन् म्हणाला, म्हन तुह्या टीचरचं. तिनं घसा ताणून सगळी क्रियापदं म्हटली. आजूबाजूचे शेतकरी, हमाल, सगळे गोळा. बाहेरगावचा एक व्यापारी म्हणाला, “बच्ची तो इंग्लिश मीडियम की लगती है.”

हे नागोरावनं मला शाळेच्या फाटकात तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा व्यापाऱ्याचा आवाज काढून. “म्हनलं, नाई साहेब, आमच्या गावची सरकारी मराठी शाळा हाय! माही छाती अशी झाली, टीचर!”

त्याच्या मागं आणखी दोन बाप उभे होते. एरवी शाळेचं तोंड न बघणारे. आमच्या पोरायलेबी गाडीवर उभं करता येईन असं शिकवा म्हणाले.

आज मी नागोरावला सांगितलं, “अवो, ते पाठांतर हाय. बोलनं वेगळं असते.” त्यानं हात जोडले. “तुमी मोठ्या मनाच्या, म्हनून असं म्हनता.”

सांगायचं ते सांगितलं मी. त्याला ऐकायचं नव्हतं.

२९ डिसेंबर, सोमवार

सतरा! लागोपाठ दोनदा सतरा!

भाग्यलक्ष्मीनं पेपर तपासला अन् पेन ठेवलं. “अक्का, हो गया आपका.” माझे डोळे भरून आले. आत्ताच बोलून टाकावं म्हणून बोलले, “जुलैमध्ये नळावर मी तुला जे बोलले ना—”

“कौन सा जुलाई, अक्का?”

एवढीशी पोरगी! माझ्याहून एकवीस वर्षांनी लहान.

८ जानेवारी, गुरुवार

झाली परीक्षा.

सेंटर आदिलाबादच्या बाहेर एका कॉलेजात. सगळीकडं पोरीसोरी, काही तर माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या पाच-सहा जणी, एकमेकींकडं न बघता भिंतीला टेकून पाठ करत बसलेल्या. कॉम्प्युटरवर पेपर. माउस हातात धरला की पळतो! पहिली दहा मिनिटं त्यातच गेली.

मराठी, गणित, परिसर नीट गेले. बालमानसशास्त्र बरं. मग इंग्रजी आली. चौथ्याच प्रश्नात ‘सजेस्ट’. मी तोंडातल्या तोंडात सुरू केलं — सजेस्टले काय — अन् मागून पहाऱ्यावरची बाई आली. तेलुगूत म्हणाली, बोलू नका. ओठ मिटले. अन् सगळं गेलं! डोकं कोरं. सजेस्ट कोण, त्याच्या पानात काय, काही नाही. पुढचा प्रश्न, तिथंही काही नाही. घड्याळ पळतंय. मनात म्हटलं, चौदा वर्षं गेली माझी.

मग डोळे मिटून घेतले. वर्ग आणला समोर. चार वाजायला आलेत, दप्तरं भरलीत, हर्षाली पुढं उभी आहे. मांडीवर बोटानं ठेका धरला. हळूहळू आवाज आले, एकेक करून. भारतचा सगळ्यात मागून, अर्धा ताल चुकवून. ओठ मिटलेले अन् कानात अकरा जणांचा दंगा! मी बसून नुसती बटणं दाबत गेले. शेवटी सहा मिनिटं उरली होती.

हे फाट्यावर गाडी घेऊन उभे होते. “किती येतीन?”

“पोरांना विचारा,” म्हटलं.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. पहिला तीळगूळ भाग्यलक्ष्मीला दिला. गोड बोल म्हणायची गरजच नाही तिला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

पास!! सत्त्याण्णव! इंग्रजीत अठरा!

मोबाइल भाग्यलक्ष्मीच्या हातात होता, माझी बघायची हिंमत नव्हती. तिनं किंचाळून मला मिठी मारली. दोन्ही शाळांची पोरं धावत आली, काय झालं कोणाला कळेना, तरी सगळी नाचली. अमृतराव सरांनी हेडमास्तरची खुर्ची ओढून मला तिच्यावर बसवलं. “घ्या. चौदा वर्षं पक्की.” मी रडले. पोरांसमोर! कुलदीप भारतला समजावत होता, टीचर पास झाल्या म्हनून रडून राह्यल्या, नापास झाल्या असत्या तं हसल्या असत्या.

यांना फोन केला. म्हणाले, “म्हंजे पेंढ्या मलेच बांधा लागतीन आता.”

संध्याकाळी पेढे घेऊन घरोघर गेले, अकराही घरी. ही परीक्षा माझ्या एकटीची नव्हतीच. गयाबाईनं कुंकू लावलं. नागोराव ओसरीवर बसला होता, त्यानं विचारलं, “टीचर, खरं सांगा. माही हर्षाली इंग्रजी शाळेत टिकन का?”

“काऊन नाई टिकनार?” मी म्हटलं. “जोडाक्षरं बी येतात आता तिले. कुठंही टिकन!”

चौदा वर्षं. हीच शाळा, हेच आवार, परवचा. आज देवाकडं काही मागणं नाही.

१२ जून, शुक्रवार

शाळा उघडली. नऊ वाजता गयाबाई, नागोराव अन् आणखी सहा घरचे पेढे घेऊन आले. आदिलाबादच्या इंग्रजी शाळेत पोरांना घेतलं, बस गावात येणार. तिथल्या मॅडमनं काय येतं ते विचारलं, पोरांनी आमचा परवचा म्हणून दाखवला. “तुमच्यामुळं झालं, टीचर,” म्हणून गयाबाई पाया पडली.

तीन पोरं उरली. सर म्हणाले, तिघांवर शाळा चालू ठेवत नाहीत, आता तुमची बदलीची ऑर्डर कुठली निघते बघायचं.

टीसी मीच लिहिल्या. शाळा सोडण्याचं कारण — आठही ठिकाणी ‘पालकांची विनंती’.